कॅमेऱ्याआधी माइक घ्या

व्हिडिओ निर्मितीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेले विद्यार्थी पहिल्यांदा कॅमेऱ्याबद्दल विचारतात. माझे स्पष्ट मत असे की, पहिले वर्षभर विभागाचा कॅमेरा वापरावा आणि स्वतःचे पैसे चांगला माइक व हेडफोन यांवर खर्च करावेत. मुंबईत तर हे फारच आवश्यक आहे. दादरच्या एखाद्या चाळीत मुलाखत घेताना लोकलचा भोंगा, कुकरची शिट्टी आणि पंख्याची घरघर बोलणाऱ्याच्या शब्दांवर चढते आणि संकलनात ती स्वच्छपणे वेगळी काढणे फार कठीण जाते. म्हणून पंखा बंद करा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणा आणि शेवटी कोणीही न बोलता त्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज टिपून ठेवा; कापलेल्या जागा सांधताना तोच उपयोगी पडतो.

आपला वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, त्यामुळे सेकंदाला 25 फ्रेमवर चित्रीकरण करताना शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, 1/50 सेकंद ठेवा. 1/60 वर चित्रात लुकलुक किंवा सरकते पट्टे येऊ शकतात.

कलादालनासाठी चलचित्र करायचे असेल, तर विचारच बदलावा लागतो. तेथे प्रेक्षक मध्येच आत येतो आणि मनाला येईल तेव्हा निघून जातो, त्यामुळे कथेच्या आरंभापेक्षा प्रत्येक क्षणाची पकड महत्त्वाची ठरते. असे काम लॅपटॉपवर पाहून पक्के करू नका. ज्या खोलीत ते मांडायचे आहे तेथेच, त्याच प्रोजेक्टरवर, खिडक्यांतून येणाऱ्या उजेडासह तपासा.