वाड्याला अनुदान मिळेल का?

प्रश्न : बेळगावच्या शहापुरात आमचा दुमजली वाडा आहे. खाली रस्त्याकडेला दोन दुकानं भाड्यानं दिलीत, माडीवर आम्ही राहतो. भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं. पंधरा वर्षांमागं सिमेंटचं प्लास्टर केलं, तेव्हापासून दर पावसाळ्यात ते फुगतं आणि पडतं. मुलगा म्हणतो, पाडून आरसीसी करू. पुतण्या अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडं बाजारपेठेतल्या जुन्या इमारतींना सरकार पैसे देतं. इथं मिळतील का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : वहिनी, पुतण्याचं खरं आहे, पण अर्धंच. तिकडं बऱ्याच गावांत दुकानाच्या दर्शनी भागाला अनुदान असतं. मात्र बहुतेक ठिकाणी आधी खर्च मालकानं करायचा, मग बिलं दाखवून त्यातला काही हिस्सा परत. तिथलं केंद्र सरकार वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतीच्या दुरुस्तीवर २० टक्के करसवलत देतं, तीही ५ वर्षांत विभागून आणि उत्पन्न देणाऱ्या इमारतीलाच. म्हणजे तुमची दुकानं बसली असती, माडी नाही. शिवाय खिडकी बदलायची तरी विचारून. १९८० पासून तिथं ‘मेन स्ट्रीट’ नावाचा उपक्रम चालतो, तो एकेक घर न धरता अख्खी बाजारओळ धरतो. मला त्यातलं हेच जास्त पटतं.

आता आपलं. बेळगाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत आलं, पण तो पैसा रस्त्यांचा, गटारांचा, बागांचा होता. तुमची कौलं त्यात बसत नव्हती, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ती योजनाही संपली. वारसा शहरांसाठी केंद्राची ‘हृदय’ योजना होती. त्यात १२ शहरं होती, कर्नाटकातून एकटं बदामी, आणि २०१९ च्या मार्चमध्ये तीही संपली. खासगी वाड्याच्या मालकाच्या हातात अनुदान पडलेलं मी एवढ्या वर्षांच्या ओव्हरसिअरकीत तरी पाहिलेलं नाही.

तरी कागद नीट करून ठेवा. उद्या योजना आली किंवा बँकेचं कर्ज काढायचं झालं, तर पहिलं मागतील ते सिटी सर्व्हेचा उतारा. त्यावर अजून आजेसासऱ्यांचं नाव असेल आणि वारसांपैकी दोघं पुण्यात, एक मुंबईत असेल, तर सगळं तिथंच अडतं. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. तेव्हा ट्रंकेत मोडीतले कागद सापडले तर ते जुने म्हणून टाकू नका, वाचणारा शोधा. नंतरचे कन्नडमधले त्यांना जोडून एकाच फायलीत लावा.

प्लास्टरचं दुखणं मला चांगलंच ठाऊक आहे, कारण ते पाप मीही केलंय. खडेबाजारातल्या मामांच्या घराला मीच उभं राहून सिमेंटचा गिलावा केला. गुळगुळीत, झकास! जांभा जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाते, सिमेंटमागं कोंडते. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले आणि भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक कुजलं. मामी आजही मला बघून त्या भिंतीकडं बघतात.

तेव्हा निदान खालचं कमरेएवढं सिमेंट सोलून काढा आणि एक उन्हाळा भिंत उघडी राहू द्या. मग भिजवून मुरवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, त्यात थोडी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. जुने गवंडी गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत, त्यांना हसू नका. घाई करणारा गवंडी मात्र घेऊ नका. चुना सिमेंटसारखा रात्रीत धरत नाही.

पण त्याआधी छप्पर. मृगाच्या आत कौलं परतून घ्या, कुजके रीप बदला, पन्हळ साफ करा. फुटकी कौलं बदलायला खानापूरकडं मिळतात का बघा, जुन्या मापाशी जुळली पाहिजेत. तुळयांची टोकं दाभणानं टोचा. दाभण सहज आत गेला तर सुतार बोलवा. रंग सगळ्यात शेवटी. लोक सुरुवातच रंगानं करतात.

मुलाला एवढंच विचारा : पाडल्यावर नव्या नियमानं रस्त्यापासून किती मागं सरावं लागेल, हे महापालिकेत विचारून आलास का? दोन्ही दुकानांचं भाडं त्या उत्तरावर आहे. आणि शेजारचे चार मालक एकत्र करता आले तर बघा की. पन्हळ, गटार, दुकानांच्या पाट्या ही एकट्याची कामं नव्हेत, आणि पाच जणांचा अर्ज नगरसेवकाला टाळता येत नाही.

प्रश्न : निपाणीत आमची तंबाखूची दगडी वखार आहे, तिथं हॉटेल काढायचंय. दगडाला चमकदार पॉलिश मारू का? आणि तंबाखूचा वास कसा घालवू?

उत्तर : पॉलिश नको, ओल आत अडकेल. वासासाठी भिंती घासून चुन्याचे तीन हात द्या. कमी होईल. पूर्ण जाईल असं मी लिहून देणार नाही.