सिल्कीची पिल्ले: नर की मादी, हे ठरवण्याची घाई करू नका

नमस्कार. साधारण तीन महिन्यांची सहा सिल्की (लवेसारख्या मऊ पिसांची कोंबडीची जात) पिल्ले आपण विकत घेतली आहेत, विक्रेत्याने सगळ्या तलंगाच, म्हणजे तरुण माद्याच, असल्याची खात्री दिली आहे, पण त्यांपैकी दोघांची ऐट आपल्याला कोंबड्याची वाटते आणि शेजाऱ्यांना आरवणे चालणार नसल्यामुळे त्या दोघांना आताच कोणाला तरी देऊन टाकावे का, असे आपण विचारले आहे. नेमक्या याच पेचातून मी गेले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. मी पशुवैद्य नाही. सिल्की पाळताना जे पाहिले आणि जाणत्या कोंबडीपालकांकडून जे शिकले, तेवढ्याच आधारावर हे लिहीत आहे. माझे मत स्पष्ट आहे: तीन महिन्यांच्या सिल्कीला नर किंवा मादी समजून कोणालाही देऊन टाकू नये.

गावरान पिल्लांमध्ये दोन-अडीच महिन्यांत नराचा तुरा लाल होऊन वर येतो, आणि पुढे त्याच्या मानेवरची व पुठ्ठ्यावरची पिसे टोकदार आणि चकचकीत दिसू लागतात. सिल्कीच्या पिसांत तंतूंना एकमेकांत अडकवून ठेवणारे सूक्ष्म आकडेच नसतात, त्यामुळे पीस पात्यासारखे न राहता लवेसारखे मोकळे होते आणि टोकदार-गोलाकार हा फरक लहान वयात दिसतच नाही. तुराही उभा दातेरी नसून अक्रोडासारखा खडबडीत आणि जांभळट काळा असतो, तेव्हा लाली पाहून ठरवण्याचा मार्ग येथे बंद होतो. कडकनाथ पाळणारे बरेच जण आपल्याला तुऱ्यावरून सल्ला देतील. कातडीचा काळेपणा दोन्ही जातींत असला तरी कडकनाथचा तुरा उभा आणि दातेरी असतो, म्हणून तो अनुभव सिल्कीला जसाच्या तसा लागू पडत नाही. टोकदार अंड्यातून नर निघतो किंवा पिल्लू मानेला धरून उचलल्यावर पाय कसे हलवते यावरून ओळखता येते, या समजुतींना काहीही आधार नाही. पिल्लाचा गुदमार्ग उघडून पाहण्याची पद्धत खरी आहे, ती जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली. पण ती एक-दोन दिवसांच्या पिल्लासाठी आणि शिकलेल्या हातांसाठी आहे. घरी कृपया करून पाहू नका, पिल्लू जायबंदी होते.

आता जी लक्षणे मी मानते, ती सांगते. डोक्यावरची झुलपे बोटांनी हळूच मागे सारून चोचीच्या मुळाशी असलेला तुरा पाहा. मादीत तेथे बारीक, चपटी, काळसर पट्टी असते आणि ती बरेच महिने तशीच राहते; नरात तोच भाग रुंद होऊन दोन्ही बाजूंना फुगतो आणि त्यावर दाणे उठू लागतात. नंतर झुलप्यांचा आकार पाहा. मादीचे झुलपे सर्व बाजूंनी सारखे, गोंड्यासारखे गोल असते. नराच्या झुलप्यातून काही लांब, सडसडीत पिसे मागच्या बाजूला निघतात, आणि ती एकदा निघाली की मी त्या लक्षणाला सर्वांत जास्त वजन देते. चोचीखाली लोंबणारी कातडीही नरात मोठी होते, मात्र आपली पिल्ले दाढीवाली, म्हणजे चोचीखाली पिसांचा झुपका असलेली, असतील तर ती पिसांत झाकली जाते. छाती काढून उभे राहणे, एकमेकांसमोर मान ताणून उड्या मारणे हे तलंगाही करतात, त्यामुळे आपल्याला दिसलेली ऐट हा पुरावा नव्हे. नर बहुधा चार ते सहा महिन्यांत आरवतो, काही त्याहून उशिरा. मादी सातव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास अंड्यावर येते.

आपण डीएनए चाचणीचाही विचार करत आहात असे लिहिले आहे, आणि माझे सर्वांत मोठे नुकसान तेथेच झाले. चाचणीचे शास्त्र पक्के आहे: पक्ष्यांत नराची गुणसूत्रे झेड-झेड आणि मादीची झेड-डब्ल्यू असतात, त्यामुळे योग्य नमुना मिळाल्यास कोणत्याही वयात उत्तर मिळते. मी प्रत्येक पक्ष्याची पिसे वेगळ्या पाकिटात, पायातल्या कडीचा क्रमांक लिहून पाठवली होती. त्या प्रयोगशाळेच्या अर्जात कडीच्या क्रमांकासाठी रकानाच नव्हता. त्यांनी पाकिटांना स्वतःचे क्रमांक दिले आणि अहवालही त्याच क्रमांकांनी आला. कोणता क्रमांक कोणाचा, असे विचारल्यावर ‘पाकिटे ज्या क्रमाने लावली त्या क्रमाने’ एवढेच उत्तर मिळाले. ज्या पक्ष्याला अहवाल मादी म्हणत होता त्याच्या झुलप्यातून लांब पिसे निघाली आहेत, हेही मी त्यांना कळवले. बाह्य लक्षणांपेक्षा चाचणी श्रेष्ठ, असे मला ठामपणे सांगण्यात आले. त्या शब्दावर मी ‘नर’ ठरलेले पक्षी गावाकडे दिले. ते तिकडे अंड्यावर आले, आणि माझ्या खुराड्यात उरले ते सगळे कोंबडे. पुन्हा चाचणी करायची तर पुन्हा शुल्क, अहवाल आमच्या क्रमांकांनुसार बरोबरच आहे, यापलीकडे त्या कार्यालयाने एक पाऊल टाकले नाही.

शुल्काचे मला तितके वाईट वाटत नाही. अनेक सिल्कींच्या कवटीवर उंचवटा असतो आणि तेथे हाड पूर्ण जुळलेले नसते, म्हणून डोक्यावर बसलेली एक टोचही त्यांना भोवते. तरण्या कोंबड्यांच्या झुंजीत माझ्या पांढऱ्या कोंबड्याला तशी टोच बसली आणि त्याची मान वळत वळत चोच आभाळाकडे गेली. दाणा समोर असूनही त्याला टिपता येत नव्हता. हातांनी भरवून, अंधाऱ्या डालग्यात शांत ठेवूनही तो वाचला नाही. नर आहेत हे मला माहीत असते तर ते एकत्र राहिलेच नसते.

तेव्हा चाचणी करायचीच असेल, तर अहवालावर आपल्या कडीचा क्रमांक छापून मिळेल हे आधी लेखी घ्या, आणि तसे होणार नसेल तर दुसरीकडे जा. गळून पडलेले पीस पाठवू नका. छातीवरची काही पिसे मुळासकट उपटा, मुळाला बोट लावू नका, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, आणि दोन पक्ष्यांच्या मध्ये हात धुवा. अहवाल आणि झुलपे परस्परविरुद्ध बोलत असतील तर दोन्हींवर विसंबू नका, थांबा. सिल्कीच्या पायांवरही पिसे असल्यामुळे कडी त्यात दडते आणि पाय वाढला की रुतते, म्हणून ती अधूनमधून तपासून सैल करावी.

तोवर संशयित दोघांना जाळीआड वेगळे ठेवा, बाकीचे त्यांना दिसतील असे. शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा की एखादा आरवला तर त्याची सोय लावू. आधी सांगितलेले लोक ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. पक्षी घेणाऱ्यालाही ‘नर असावा’ असेच सांगा आणि मादी निघाल्यास परत घेण्याचे बोलून ठेवा. पुढची छायाचित्रे टाकताना प्रत्येकाचे एक समोरून, झुलपे मागे सारून तुरा दिसेल असे, आणि एक बाजूने, पक्ष्याच्या उंचीवरून काढलेले असावे. पिसे भिजलेली असतील तर ती वाळू द्या, कारण ओल्या झुलप्यांवरून मला काहीच सांगता येणार नाही.