अण्णांचा मफलर

वाचकांचे प्रश्न, व्यंगचित्रकाराची उत्तरं

प्रश्न : मुलगी नववीत आहे. टीव्हीवर कार्टून बघत बसते आणि मोठेपणी मोबाइलवर कॉमिक्स करणार म्हणते. कार्टून बघून काही शिकता येतं की नुसता वेळ जातो? (एक पालक, खानापूर)

उत्तर : येतं की! बघू द्या तिला. फक्त एखादा भाग आवाज बंद करून बघायला लावा.

हे मला आपोआप घडलं. 1990 च्या दशकात मी शहापुरात एका बोर्ड रंगवणाऱ्याकडे उमेदवारी करत होतो. रविवारी दूरदर्शनवर 'डकटेल्स' लागायचं. शेजारच्या काकूंच्या टीव्हीचा आवाज बिघडलेला, त्यामुळं नुसती चित्रंच बघायची. तेव्हा दिसलं, की एक जण बोलत असला की बाकीचे बहुतेक गप्प उभे असतात.

त्यामागचं कारण फार उशिरा वाचलं. सिनेमाला सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, लागतात. 'टॉम अँड जेरी' करणारे हॅना आणि बार्बेरा ज्या एमजीएम कंपनीच्या कार्टून स्टुडिओत होते, तो 1957 मध्ये बंद पडला आणि ते टीव्हीकडे वळले. तिथं पैसाही कमी, वेळही कमी, म्हणून हलणारं जेवढं कमी काढावं लागेल तेवढं बरं. मग 1958 मध्ये आलेल्या त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आला. अंगात सदरा नाही, पण टाय आहे! धड एकदाच काढून ठेवायचं, वर फक्त डोकं बदलायचं. कॉलरखाली सांधा झाकला जातो.

ही युक्ती मी सरळ चोरली. माझ्या रोजच्या चित्रातल्या अण्णांच्या गळ्यात बारा महिने मफलर असतो. बेळगावात पावसाळ्यातही त्याबद्दल कुणी विचारत नाही. अण्णांची सात डोकी काढून ठेवलीत. पूर्वी एका पानाला पाच तास जायचे, आता दीड तासात उरकतं. हात मात्र दरवेळी नव्यानं काढतो. तोंड रागावलेलं आणि हात मागच्या चौकटीतल्यासारखेच गप्प, असलं वाचकाच्या लगेच लक्षात येतं. मुलीला हातच जास्त काढायला सांगा. चेहरे सगळ्यांना आवडतात, म्हणून सगळे तेच गिरवत बसतात.

प्रश्न : ऑनलाइन कॉमिक्स सुरू करायचंय. कुठला टॅब घेऊ? (एक तरुण, निपाणी)

उत्तर : सध्या काही घेऊ नका. कागदावर स्वतःचा फोन ठेवून पेन्सिलीनं कड आखा आणि त्या चौकटीत चित्र, संवाद सगळं बसवून बघा. नाही बसलं, तर संवाद लांब झालाय. चित्राचा फोटो खिडकीजवळ काढा, ट्यूबलाइटखाली नको. पुढं कॉम्प्युटरवर रंग भरायचे झाले तर 'क्रिटा' हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

प्रश्न : तुमची पात्रं 'काय करालास बे' असं बोलतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांना ते कळतं काय? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : एकदा भीत भीत प्रमाण मराठीत करून बघितलं. अण्णा मुलाला म्हणाले, "तू काय करतो आहेस?" बायकोनं वाचलं आणि विचारलं, "ह्यांच्या घरी पाहुणे आलेत काय?" त्या दिवसापासून तो नाद सोडला.

अक्षरं मी हातानंच लिहितो. सुरुवातीला कॉम्प्युटरवर टाइप करायचो, पण सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सेटिंग नीट नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन उभी राहायची, जोडाक्षरं फुटायची. ती दुरुस्त करण्यापेक्षा ब्रश हातात घेतला. बोर्ड रंगवताना कन्नड वर आणि मराठी खाली, दोन्ही लिहिलेली. कन्नडला गोलाई, मराठीला डोक्यावर रेघ, हात दोन्हीला सरावलेला.

म्हणून अण्णांच्या शेजारच्या अम्मा कन्नडात बोलतात आणि मी त्यांचं बोलणं कन्नड लिपीतच लिहितो, खाली अर्थ देत नाही. पुण्याच्या एका वाचकानं विचारलं, "त्या बाई काय म्हणाल्या?" मी सांगितलं नाही. पुढच्या चौकटीत अण्णा पिशवी घेऊन खडेबाजारकडे निघालेत, छत्री विसरून, आणि अम्मा ती छत्री घेऊन दारात उभ्या आहेत.