उघडी मोटार : गॉगल घ्यावा की हेल्मेट?

उघड्या स्पोर्ट्‌स मोटारीत बसताना डोळ्यांवर आणि डोक्यावर काय असावे, याविषयी आलेले तीन प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. तिघांच्या मोटारी वेगळ्या आहेत आणि त्यामुळे उत्तरेही वेगळी आहेत.

प्रश्न : मी नऊ वर्षांपासून इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ राहतो. यंदा एक वापरलेली केटरहॅम सेव्हन घेतली. आधीच्या मालकाने समोरची पूर्ण काच काढून तिच्या जागी पॉलिकार्बोनेटचा वीतभर उंचीचा पडदा, म्हणजे एरोस्क्रीन, बसवला आहे. पहिल्याच फेरीत ताशी पन्नास मैलांच्या पुढे डोळ्यांतून इतके पाणी येऊ लागले की गाडी बाजूला घ्यावी लागली. मला साडेतीन नंबरचा चष्मा आहे. एक स्नेही म्हणतात, चांगला गॉगल पुरे; दुसरे म्हणतात, मोटारसायकलचे हेल्मेट घ्या; तिसरे म्हणतात, घ्यायचेच तर शर्यतीचे घ्या. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे, मात्र ते तीन वेगळ्या मोटारींविषयी बोलत आहेत. पूर्ण काच असलेल्या सेव्हनला गॉगल पुरतो, एरोस्क्रीनवाल्या सेव्हनला रस्त्यावर मोटारसायकलचे हेल्मेट लागते, आणि तीच मोटार ट्रॅकवर नेली की शर्यतीच्या हेल्मेटचा विचार सुरू होतो. म्हणून आपल्या बैठकीत डोक्यावर नेमके काय काय येऊन आदळू शकते, ते आधी पाहू.

१९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी बाजारात आणलेल्या लोटस सेव्हनचा आराखडा १९७३ मध्ये केटरहॅमकडे आला आणि तेव्हापासून ही मोटार मूळच्या ठेंगण्या अंगाचीच राहिली आहे. तिच्यात बसलेल्या माणसाचे डोळे शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकांच्या जवळपास उंचीला येतात, त्यामुळे टायरने उडवलेली वाळू, चिखलाचे शिंतोडे आणि खडे थेट चेहऱ्याच्या दिशेने येतात. एरोस्क्रीन छातीवरचा वारा अडवतो, पण तोच वारा वर वळवून कपाळाकडे पाठवतो. डोळ्यांतून पाणी येणे हा त्यातला सर्वांत सौम्य त्रास आहे. डोळ्यांत काही गेल्यावर पापण्या आपोआप मिटतात, आणि साठ मैलांच्या वेगाने एक सेकंद डोळे मिटले तरी मोटार सत्तावीस मीटर पुढे गेलेली असते. मला खरी भीती त्या सत्तावीस मीटरची वाटते.

आता गॉगलविषयी. युरोपात डोळ्यांच्या संरक्षणासाठी ईएन १६६ हे मानक वर्षानुवर्षे वापरात राहिले आहे आणि भिंगावर व दांडीवर कोरलेली त्याची अक्षरे वाचता आली तर निम्मे काम होते. ‘एफ’ या अक्षराचा अर्थ असा, की ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी भिंग फुटत नाही. ‘बी’ साठी हाच वेग १२० मीटर आणि ‘ए’ साठी १९० मीटर असतो. ही गोळी भरते ग्रॅमपेक्षा किंचित कमी, म्हणजे जवळपास हरभऱ्याएवढ्या खड्याइतकी. पुढच्या वाहनाने उडवलेला खडा हवेत थबकलेला असला तरी साठ मैलांच्या वेगाने आपणच त्यावर सेकंदाला सत्तावीस मीटरने जाऊन आदळतो. त्या खड्याला समोरून येणाऱ्या वाहनाचा थोडा जरी वेग मिळालेला असला, तर हा आकडा सहज चाळिशीत जातो. म्हणून ‘एफ’ ही आपल्यासाठी किमान पायरी समजावी. दांड्यांच्या चष्म्याला या मानकात ‘एफ’च्या वरची खूण मिळूच शकत नाही, ‘बी’ हवे असेल तर चेहऱ्याला चिकटून बसणारा, मागे पट्टा असलेला गॉगलच घ्यावा लागतो. सोबत ‘के’ म्हणजे ओरखड्यांना प्रतिकार आणि ‘एन’ म्हणजे वाफ न धरणे, या खुणा असल्यास उत्तम. मोटारसायकलस्वारांच्या गॉगलसाठी ईएन १९३८ हे स्वतंत्र मानक आहे आणि चष्म्यावरून घालता येणारे गॉगल त्यातही मिळतात. दुकानातला देखणा उन्हाचा चष्मा यांपैकी कशातच बसत नाही, कारण त्याची परीक्षा प्रकाश किती अडवतो यासाठी घेतलेली असते, खडा अडवतो की नाही यासाठी नव्हे.

तरीही आपल्या मोटारीसाठी माझा कल हेल्मेटकडे आहे. गॉगलने डोळे झाकले जातात, पण कपाळ, गाल आणि ओठ उघडेच राहतात, आणि मे महिन्यात इंग्लंडच्या शेतांमधून जाताना गालावर आदळणारा भुंगासुद्धा माणसाला दचकवून स्टिअरिंगवरचा हात हलवायला पुरेसा असतो. इंग्लंडमध्ये मोटारसायकलस्वारांना १९७३ पासून हेल्मेट सक्तीचे आहे, मोटारीत मात्र ते कायद्याने लागत नाही. त्यामुळे हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. पूर्ण चेहऱ्याचे, ईसीई २२.०६ या मानकाचे मोटारसायकलचे हेल्मेट आपण घ्यावे. या मानकात दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत दिसले पाहिजे अशी अट आहे, आणि दर दोन मैलांवर गोल चौक असलेल्या देशात ही अट फार मोलाची ठरते. शर्यतीच्या हेल्मेटचा झरोका याहून अरुंद असला तरी चालतो, कारण ट्रॅकवर आडव्या रस्त्याने कोणी येत नसते.

चष्मेवाल्यांनी हेल्मेट विकत घेताना स्वतःचा चष्मा सोबत न्यावा. हेल्मेट चढवल्यावर चष्म्याच्या दांड्या गालाच्या गादीतून सरळ आत सरकल्या पाहिजेत; पातळ, न वळलेल्या दांड्यांची फ्रेम यासाठी बरी पडते. आतला चष्मा पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा करून घ्यावा, म्हणजे व्हायझर अर्धवट वर असताना खडा आलाच तर भिंगाचे तुकडे डोळ्यांत जाणार नाहीत. थंडीत व्हायझरच्या आतून वाफ धरते. त्यावर उपाय म्हणजे आत बसवायची दुसरी पातळ काच, आणि ती बहुतेक चांगल्या हेल्मेटांना बसवता येते. काळा व्हायझर ऐटदार दिसतो, परंतु सूर्य मावळण्याच्या सुमारास घरी परतताना तो नकोसा होतो, म्हणून पारदर्शकच घ्यावा.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. हेल्मेटमुळे डोक्याची उंची तीन-चार सेंटिमीटरने वाढते. पट्टा बांधून, नेहमीसारखे ताठ बसून, हेल्मेटसह फोटो काढून घ्यावा आणि हेल्मेटचा माथा मागच्या रोल बारच्या, म्हणजे मोटार उलटल्यास डोके वाचवणाऱ्या धातूच्या कमानीच्या, वरच्या कडेपेक्षा निदान पाच सेंटिमीटर खाली आहे का, ते पाहावे. तो बारच्या वर येत असेल तर मोटार उलटल्यास आधी डोके टेकेल. अशा वेळी आसन खाली घेण्यावाचून पर्याय नाही. बारवर मोटार-शर्यतींसाठी बनवलेला कडक फोम बसवून घ्यावा, नळावर चढवतात तो मऊ फोम तेथे निरुपयोगी असतो. हेल्मेट निवडताना वजनही हातात घेऊन पाहावे. दीड किलोचे हेल्मेट धडकेच्या क्षणी, वीसपट गुरुत्वाइतका झटका बसला तर, मानेवर तीस किलोंसारखे ओढते. म्हणून दोन हेल्मेटे सारखीच नीट बसत असतील तर हलके घ्यावे, मग ते थोडे महाग असले तरी.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात शिकतो आणि सुट्टीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एक आसनी, उघड्या फॉर्म्युला मोटारीचे प्रशिक्षण घेणार आहे. त्याच्याकडे आयएसआय शिक्क्याचे दुचाकीचे चांगले हेल्मेट आहे. तेच नेले तर चालेल का? नवे घेण्याचा खर्च टाळता आल्यास बरे होईल.

उत्तर : खर्चाची काळजी मी समजू शकतो, परंतु हे हेल्मेट त्याने दुचाकीवरच वापरावे. आयएसआयचा शिक्का आयएस ४१५१ या मानकाचा असतो आणि ते मानक दुचाकीस्वारांसाठी बेतलेले आहे. स्वार गाडीवरून फेकला जातो आणि त्याचे डोके बहुधा रस्त्यावर आपटते. फॉर्म्युला मोटारीत मुलगा पट्ट्यांनी जागच्या जागी जखडलेला असतो. तेथे डोके आपटते ते रोल बारवर, तेही एकाच जागी पुन्हा पुन्हा, आणि पाठीमागे इंधनाची टाकी असल्याने आगीचा धोका वेगळा.

या दोन्ही गोष्टींची परीक्षा घेणारे मानक म्हणजे स्नेल प्रतिष्ठानचे ‘एसए’. पीट स्नेल हा अमेरिकन शर्यतपटू १९५६ साली डोक्याला मार लागून गेला आणि त्याच्या मित्रांनी पुढच्याच वर्षी ही संस्था उभारली. ‘एसए २०२०’ अशा नावातला आकडा मानकाच्या आवृत्तीचा असतो. एसए हेल्मेटला ज्वालेची चाचणी आणि रोल बारवर वारंवार आदळण्याची चाचणी पार करावी लागते. त्याच संस्थेच्या ‘एम’ म्हणजे मोटारसायकलच्या मानकात या दोन्ही नाहीत. प्रशिक्षण संस्थेला आधी विचारावे, कारण अनेक ठिकाणी नवशिक्यांना हेल्मेट संस्थाच देते. तसे असेल तर आतले अस्तर स्वच्छ आहे का आणि मापे पुरेशी आहेत का, एवढे पाहावे आणि मुलाने ही वाट पुढे नेईपर्यंत खरेदी लांबणीवर टाकावी. दुसऱ्याने वापरलेले हेल्मेट स्वस्त मिळते म्हणून विकत मात्र घेऊ नये. आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही आणि बाहेरून ते कळतही नाही. न आपटलेले हेल्मेटही साधारण पाच वर्षांनी बदलावे, असे स्नेल प्रतिष्ठान सांगते.

माप घेताना भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेट घालून ते हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवले असता कपाळाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. हनुवटीचा पट्टा बांधून मागच्या कडेला धरून पुढे ओढले तरी ते डोक्यावरून निघता कामा नये. मुले सैल हेल्मेट पसंत करतात, कारण दुकानात पाच मिनिटे ते सुखाचे वाटते.

व्हायझरविषयी तडजोड नको, हे सांगताना मला दोन प्रसंग आठवतात. १९७२ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये क्लेरमाँ-फेराँजवळच्या शाराद ट्रॅकवर पुढच्या मोटारीने उडवलेला दगड हेल्मुट मार्को यांचा व्हायझर भेदून डाव्या डोळ्यात शिरला. तो डोळा गेला आणि त्यांची शर्यतीची कारकीर्द तेथेच संपली. २००९ मध्ये हंगेरीत दुसऱ्या मोटारीची सुमारे ८०० ग्रॅमची स्प्रिंग फेलिपे मासा यांच्या हेल्मेटवर डाव्या डोळ्याच्या वरच्या भागात आदळली. कवटीला तडा गेला, पण प्राण वाचले आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा शर्यतीत उतरले. ओरखडे पडलेला व्हायझर लगेच बदलावा. तो धुताना कोमट पाण्याचा ओला कपडा दहा मिनिटे वर ठेवून वाळलेले किडे सुटू द्यावेत. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास पॉलिकार्बोनेट ठिसूळ होते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. यजमानांनी माझदा एमएक्स-५ घेतली आहे आणि रविवारी टप उघडून फिरायला नेतात. मी कॉन्टॅक्ट लेन्स लावते. केस उडू नयेत म्हणून ओढणी गुंडाळते. आम्ही दोघांनी हेल्मेट घालावे का?

उत्तर : नाही. एमएक्स-५ ला समोर पूर्ण उंचीची काच आहे आणि दोघांच्याही चेहऱ्याकडे येणारा खडा तीच अडवते. रस्त्यावर येथे हेल्मेट घातल्यास ऐकू कमी येते, मान अवघडते आणि त्या मानाने फायदा फारच थोडा होतो.

डोळ्यांसाठी मात्र कडेने वळलेली, कपाळाला जवळ बसणारी फ्रेम घ्यावी, कारण अशा मोटारीत वारा काचेवरून मागे जाऊन आसनांच्या पाठीमागून पुन्हा पुढे वळतो आणि लेन्स कोरड्या पडतात. अमेरिकेत भिंगावर ‘झेड ८७’ आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह असेल तर ते आघाताच्या कडक परीक्षेत उतरले आहे असे समजावे. भिंगाची छटा निवडताना चौथ्या वर्गाची, म्हणजे फक्त ३ ते ८ टक्के प्रकाश आत सोडणारी भिंगे टाळावीत; ती वाहन चालवण्यासाठी नसतात. उन्हात आपोआप काळी होणारी भिंगे बंद मोटारीत काचेमागे फारशी काळी होत नाहीत, पण टप उघडा असताना पूर्ण काळी होतात आणि बोगद्यात शिरल्यावर पुन्हा पारदर्शक व्हायला त्यांना काही मिनिटे लागतात. यजमानांनी गाडी चालवताना ती घालू नयेत. पोलराइज्ड भिंगांतून मोटारीचा डिजिटल पडदा कधी कधी काळा दिसतो, म्हणून घेण्याआधी गाडीत बसून पाहावे.

ओढणीविषयी मात्र मी आग्रहाने लिहीत आहे. नर्तिका इझाडोरा डंकन यांचा १९२७ साली नीस येथे उघड्या मोटारीत मृत्यू झाला, तो गळ्याभोवतीच्या लांब रेशमी स्कार्फचे टोक चाकात अडकल्याने. आपल्या मोटारीची चाके झाकलेली आहेत हे खरे, तरी मोकळे टोक वाऱ्याने यजमानांच्या डोळ्यांवर येऊ शकते. केसांची वेणी घालून डोक्याला घट्ट बसणारी टोपी घालावी, आणि ओढणी हवीच असेल तर दोन्ही टोके जॅकेटच्या आत खोचून चेन वरपर्यंत लावावी.