रोआतानला घरी बांधलेल्या पाणबुडीतून ६०० मीटर खोल जायचं आहे. बसण्याआधी काय तपासावं?

तुम्ही ज्या फेरीबद्दल विचारताय ती होंडुरासच्या रोआतान बेटावरच्या 'आयडाबेल' या पाणबुडीची. कार्ल स्टॅनले यांनी ती ओक्लाहोमातल्या आयडाबेल गावात बांधली, म्हणून नावही तेच. मागे चालक उभा, पुढे दोन प्रवासी, त्यांच्यासमोर मोठी गोल खिडकी. वेस्ट एंडचा किनारा सोडला की प्रवाळाची भिंत थोड्याच अंतरावर थेट खोल उतरते. त्यामुळे पाणबुडी वाहून न्यायला मोठं जहाज लागत नाही, आणि एवढ्या छोट्या कारभारात ही फेरी परवडते.

'घरी बांधलेली' याचा खरा अर्थ एवढाच, की तिचे वेल्डिंग, खिडक्या, झडपा जहाजं-पाणबुड्या तपासून दाखला देणाऱ्या कुणा संस्थेने (वर्गीकरण संस्थेने) तपासून शिक्का मारलेला नसतो. म्हणजे ती वाईटच असेल असं नाही. पण जे प्रश्न त्या संस्थेने विचारले असते ते आता तुम्हाला विचारावे लागतील.

सगळे आधी विचारतात, ती चेपली जाईल का? ६०० मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ६० किलो दाब असतो. ५० सेंटीमीटर व्यासाच्या खिडकीवर तो जवळजवळ १२० टन भरतो. आकडा भीतिदायक आहे, पण माणसं बसतात त्या पोलादाच्या गोलाला तो जड नाही. ७० सेंटीमीटर त्रिज्येचा, २५ मिलिमीटर जाडीचा गोल घेतला तर त्यावर येणारा ताण साध्या पोलादाच्या सहनशक्तीच्या एक तृतीयांश निघतो. धोका असतो तो गोलाई बिघडलेल्या जागी, कारण गोल चेपायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून जाडी विचारू नका. माणसं न बसवता, ठरलेल्या खोलीच्या सव्वापट, म्हणजे ७५० मीटरपर्यंत उतरवून पाहिली होती का, हे विचारा.

१८ जून २०२३ ला टायटॅनिककडे जाताना फुटलेल्या 'टायटन' पाणबुडीशी हिची तुलना होते, पण तिथे मुख्य नळकांडं कार्बन फायबरचं होतं. त्या पदार्थाचे थर दर फेरीला आतून थोडे थोडे सुटू शकतात आणि बाहेरून ते दिसत नाही. स्टॅनले स्वतः २०१९ मध्ये बहामाजवळ टायटनमधून खोल गेले होते आणि ऐकू आलेल्या कडकड आवाजांबद्दल त्यांनी कंपनीच्या प्रमुखाला सावध केलं होतं. नीट बांधलेलं पोलाद एवढं लहरी नसतं.

माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: सगळी वीज गेली तर वर कसं येणार? बॅलास्ट टाकीत (पाणी भरलं की पाणबुडी खाली, हवा भरली की वर, अशा टाकीत) हवा सोडून, असं उत्तर आलं तर समाधान मानू नका. ६०० मीटरवर १०० लिटरची टाकी रिकामी करायला पृष्ठभागावरची ६,००० लिटरहून जास्त हवा लागते, तीही जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या ६० पटींपेक्षा जास्त दाबाने. खरा आधार म्हणजे पोटाखाली लावलेलं, सोडून देता येणारं शिसं. ते आतून हाताने, नुसती मूठ फिरवून सुटायला हवं. मोटर किंवा बटणावर अवलंबून नको. ते शेवटचं कधी सोडून पाहिलं, हे जरूर विचारा. खाऱ्या पाण्यात न वापरलेला खटका गंजून बसतो.

आता हवा. लोक ऑक्सिजनचे सिलिंडर मोजतात, पण माणूस आधी गुदमरतो तो कार्बन डायऑक्साइडने. दोन घनमीटरच्या बंद खोलीत तिघे शांत बसले तरी तासाभरात तो ३ टक्क्यांच्या पुढे जातो. डोकं ठणकतं, धाप लागते. तेवढ्या वेळात ऑक्सिजन २१ वरून फार तर १७ टक्क्यांवर आलेला असतो. म्हणून पंख्याने हवा सोडा लाइमच्या (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाच्या) डब्यातून फिरवतात. एक किलो सोडा लाइम एका माणसाला चार-पाच तास पुरतं. अडकून पडलात तर ७२ तासांचा साठा हवा, असा सर्वसाधारण नियम आहे. तिघांसाठी तो ४५ ते ५० किलो होतो. पाणबुडीत तेवढी पोती खरंच दिसतात का, ते डोळ्यांनी बघा.

त्यात थंडीची मेख आहे. गार पडलेलं सोडा लाइम नीट काम करत नाही. जून १९७३ मध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ 'जॉन्सन सी लिंक' ही पाणबुडी साधारण ११० मीटरवर एका बुडवलेल्या जहाजाच्या केबलमध्ये अडकली. चौघांपैकी पुढच्या ॲक्रिलिक गोलातले दोघे वाचले. मागच्या ॲल्युमिनियमच्या कप्प्यातले दोघे गेले, कारण धातूच्या भिंतीतून थंडी आत आली आणि रसायन निकामी झालं. रोआतानला ६०० मीटरवर पाणी साधारण १०-१२ अंश असतं आणि भिंत पोलादाची. तेव्हा डबा भिंतीला टेकवलाय की मधोमध ठेवलाय, आणि पंखा बंद पडला तर दुसरा आहे का, याला महत्त्व आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा ०.५ टक्क्यांच्या आत असावा. दीड टक्क्याच्या वर गेला तर फेरी तिथेच संपवायची.

खिडकी ॲक्रिलिकची असते, आणि तिला पुसायला ॲसिटोन किंवा स्पिरिट वापरलं की बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. डासांच्या मलमातलं डीट हे रसायनही प्लास्टिक खातं. बेटावर वाळूमाश्या खूप, त्यामुळे सगळेच ते मलम फासून येतात. हात साबणाने धुवूनच आत बसा, कपाळ काचेला टेकवू नका.

वजन खरं सांगा, कॅमेऱ्याची पिशवी धरून. दहा किलोचा फरक एवढ्या पाणबुडीला खाली खेचतो आणि चालकाला सारखी दुरुस्ती करावी लागते. फेरी तीन तासांहून जास्त चालते, आत शौचालय नाही, तेव्हा सकाळचा चहा टाळा. स्वेटर आणि जाड मोजे घ्या. आतला दाब जमिनीवरचाच असतो, त्यामुळे पोहता आलं पाहिजे असं नाही आणि त्याच दिवशी विमानात बसायलाही हरकत नाही.

उतरताना भिंतींवर घाम सुटल्यासारखे थेंब जमतात आणि मानेवर पडतात. घाबरू नका. एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावा. अळणी लागला तर तुमच्याच श्वासाची वाफ आहे. खारट लागला तर लगेच चालकाला सांगा, कुठल्या खिडकीच्या किंवा नळीच्या जोडाजवळ पडला तेही दाखवा. दोनशे मीटरच्या खाली पोचलात की चालकाला पाचेक मिनिटं दिवे बंद ठेवायला सांगा. डोळे सरावले की काचेबाहेर चमकणाऱ्या समुद्री जीवांच्या निळ्या ठिणग्या दिसू लागतात, आणि पाणबुडी खाली जात असल्याने त्या सगळ्या वर निघाल्यासारख्या वाटतात.