सामायिक गिट रेपोत पुश कधी होतो, कधी अडतो

तुमची अडचण मला समजली ती अशी: ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक बेअर रेपो आहे, म्हणजे कामाच्या फाइली नसलेला, फक्त नोंदींचा सामायिक साठा. तिघे जण आपापल्या लॉगिनने एसएसएचवरून (सुरक्षित रिमोट जोडणीवरून) पुश करता, म्हणजे आपले बदल तिथे पाठवता, आणि मध्येच ‘इन्सफिशियंट परमिशन’ची एरर येते. सगळ्या रेपोला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) दिलं की चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

गिट सुटे ऑब्जेक्ट (साठवलेल्या मजकुराचे तुकडे) त्यांच्या हॅशच्या, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकाच्या, पहिल्या दोन अक्षरांच्या नावाच्या डिरेक्टरीत ठेवतं. अशा जास्तीत जास्त २५६ डिरेक्टऱ्या होतात, पण त्या आधीपासून नसतात. लागेल तशी एकेक तयार होते आणि ज्याच्या पुशने झाली त्याच्या मालकीची होते. युमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या कापणारी सेटिंग) ०२२ असेल तर तिला ७५५ मिळतात, म्हणजे ग्रुपला वाचता येतं, लिहिता येत नाही. सोमवारी सहकाऱ्याच्या पुशने ‘४३’ ही डिरेक्टरी झाली. बुधवारी तुमच्या एखाद्या नव्या ऑब्जेक्टचा हॅश ४३ने सुरू झाला, की अडलात. नाही झाला, तर पुश बिनबोभाट जातो. तुम्हाला हा प्रकार लहरी वाटतो तो यामुळेच.

७७७ त्या दिवशी असलेल्या डिरेक्टऱ्यांनाच लागतं. नवी पुन्हा ७५५नेच उघडते. शिवाय गिट जीसी (गिटची साफसफाई) सुटे ऑब्जेक्ट पॅकमध्ये, म्हणजे एका मोठ्या फाइलीत, बांधतं आणि रिकाम्या डिरेक्टऱ्या काढून टाकतं, त्याही पुढे नव्याने होतात. आणि ७७७ खरंच काढा हो! सर्व्हरवर लॉगिन असलेला कोणीही हुक्समध्ये (पुशच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या डिरेक्टरीत) स्क्रिप्ट ठेवू शकतो आणि तुमच्या पुशबरोबर ती तुमच्या अधिकाराने चालते.

आता उपाय. तिघांचा एक ग्रुप करा. रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी युजर) होऊन सीएचग्रुप या कमांडने अख्खा रेपो त्या ग्रुपच्या नावे करा. मग फाइंड कमांडने फक्त डिरेक्टऱ्या निवडून त्यांना २७७० द्या. त्यातला सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत जे नवं बनेल त्याला ग्रुप डिरेक्टरीचा लागतो, बनवणाऱ्याचा नाही. उरलेले ७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काहीच नाही. ऑब्जेक्टच्या फाइली ४४४ दिसतील, त्यांना हात लावू नका, त्या लिहायच्या नसतातच. शेवटी रेपोच्या कॉन्फिगमध्ये कोअर.शेअर्डरिपॉझिटरी या सेटिंगला ‘ग्रुप’ ही किंमत द्या. मग युमास्क काहीही असो, गिट स्वतःच ग्रुपला लिहायची परवानगी देतं. पण हे फक्त पुढे बनणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणून आधीची दुरुस्ती चुकवू नका. नवा रेपो असेल तर इनिट करतानाच (गिटने तो तयार करतानाच) ‘शेअर्ड’ पर्याय दिला की काम झालं.

माझा अर्धा दिवस एकदा वेगळ्याच ठिकाणी गेला. सेटजीआयडी लावलेल्या जागी कोणीतरी आपल्या होम डिरेक्टरीतला रेपो एमव्हीने (फाइली हलवायच्या कमांडने) आणून ठेवला होता. एमव्हीने मालक आणि ग्रुप जुनेच राहतात. सेटजीआयडी तिथे काहीच करत नाही. तसंच, ग्रुपमध्ये नाव घातल्यावर पुन्हा लॉगिन केल्याशिवाय ते लागू होत नाही. ‘आयडी’ कमांड चालवून खात्री करा.

सर्व्हरवरच रेपोत शिरून गिट चालवताना ‘ड्यूबियस ओनरशिप’ (संशयास्पद मालकी) असा नकार आला, तर तो परवानग्यांचा दोष नाही. एप्रिल २०२२मधल्या २.३५.२ आवृत्तीपासून दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत गिट काम करायला नाही म्हणतं. आपल्या ग्लोबल कॉन्फिगच्या सेफ.डिरेक्टरीमध्ये त्या रेपोचा पाथ घाला. तिथे सुडोने (रूटच्या अधिकाराने) मात्र गिट चालवू नका, रूटच्या मालकीच्या डिरेक्टऱ्या मागे राहतात.

माणसं वाढणार असतील तर मी ग्रुपच्या भानगडीत पडणार नाही. ‘गिट’ नावाचा एकच युजर, प्रत्येकाची एसएसएच की (लॉगिनची डिजिटल किल्ली) त्या युजरखाली, आणि कोणाला कुठे पुश करता येईल ते गिटोलाइटकडे (गिटचे अधिकार सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे). सगळ्या फाइलींचा मालक एकच असल्यावर हा प्रश्नच उरत नाही.