वाचकांचे प्रश्न : झ्विंग्ली आणि पुनर्बाप्तिस्मावादी

प्रश्न : सोळाव्या शतकातील झुरिकचे धर्मसुधारक झ्विंग्ली आणि अ‍ॅनाबॅप्टिस्ट (बालबाप्तिस्मा न मानता प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारे पुनर्बाप्तिस्मावादी) दोघेही केवळ बायबलच प्रमाण मानत होते. मग झुरिकमधील त्यांचा वाद माणसे बुडवून मारण्यापर्यंत कसा गेला? अशा वादसभांतून कधी काही निष्पन्न झाले का?

उत्तर : वाद बाप्तिस्म्यावरून (ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रवेशाच्या जलसंस्कारावरून) पेटला असला तरी ठिणगी आधीच पडली होती. ऑक्टोबर १५२३ च्या वादसभेत मिसाविधी (भाकर व द्राक्षारसाचा कॅथलिक उपासनाविधी) आणि चर्चमधील मूर्ती यांना शास्त्राधार नाही असे ठरले, पण बदल केव्हा करायचा हे झ्विंग्ली यांनी नगरपरिषदेवर सोपवले. तेव्हा देवाच्या वचनाने निकाल दिल्यावर परिषदेला विचारायचेच कशाला, असा आक्षेप त्यांच्याच गोटातून आला. जानेवारी १५२५ मध्ये बालबाप्तिस्म्यावर सभा झाली. झ्विंग्ली यांचा युक्तिवाद असा, की जुन्या करारात सुंतेचे जे स्थान, तेच नव्या करारात बाप्तिस्म्याचे, म्हणून बालकांना तो नाकारता येत नाही. युक्तिवाद चतुर आहे. मात्र पूर्वी आपल्यालाही या प्रथेविषयी शंका होती, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि प्रतिपक्ष ते विसरला नव्हता. परिषदेने बालबाप्तिस्मा सक्तीचा केल्यावर २१ जानेवारीला विरोधी गटातील कॉनराड ग्रेबेल यांनी आपले सहकारी गेओर्ग ब्लाउरॉक यांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला.

त्या काळी मंडळीचा सभासद आणि नगराचा रहिवासी यांत भेद नव्हता. त्यामुळे वेगळी मंडळी काढणे हे परिषदेला बंडच वाटले. मार्च १५२६ मध्ये पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यास बुडवण्याची शिक्षा जाहीर झाली. ५ जानेवारी १५२७ रोजी याच गटातील फेलिक्स मान्झ यांचे बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली ओढून मधून काठी घालण्यात आली आणि त्यांना लिमाट नदीत ढकलण्यात आले. काठावरून त्यांची आई त्यांना विश्वासात ठाम राहण्यास सांगत होती. ब्लाउरॉक नगराचे नागरिक नसल्याने त्यांना त्याच दिवशी फटके मारून हद्दपार केले गेले. या शिक्षेचे समर्थन आजच्या वाचकाला पटणार नाही, आणि माझ्या मते ते पटूही नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जर्मनीतील हेसे प्रांतात सापडते. १५३८ मध्ये मारबुर्ग येथे स्ट्रासबुर्गचे सुधारक मार्टिन बुत्सर यांनी कैदेतील अ‍ॅनाबॅप्टिस्टांशी चर्चा केली. तुमच्या मंडळीत शिस्तच नाही, या कैद्यांच्या तक्रारीत बुत्सर यांना तथ्य दिसले. त्यापाठोपाठ त्यांनी तयार केलेल्या झीगेनहाइनच्या नियमावलीत मंडळीच्या शिस्तीसाठी वडील (देखरेख करणारे ज्येष्ठ सभासद) नेमण्याची आणि बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी जाणत्या वयात विश्वास जाहीरपणे कबूल करण्याची, म्हणजे दृढीकरणाची, तरतूद आली; त्यानंतर तेथील काही अ‍ॅनाबॅप्टिस्ट मंडळीत परतले.